वाचकांचे प्रश्न: होल्लोकोची मातीची घरं, चुना आणि मध्ययुग

हंगेरीतलं होल्लोको हे पालोत्स या तिथल्या लोकसमूहाचं गाव. बुडापेस्टच्या ईशान्येला साधारण १०० किलोमीटरवर, चेरहाट डोंगराच्या कुशीत. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. गेल्या अंकातल्या छायाचित्रांत त्याचा एकच रस्ता, पांढरी घरं आणि डोंगरावरचा पडका किल्ला दिसला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांतले काही निवडले आहेत.

होल्लोकोला ‘मध्ययुगीन गाव’ म्हणतात. पण घरं १९०९च्या आगीनंतर बांधलेली आहेत. मग त्यात मध्ययुगीन काय उरलं? (वास्तुकलेची विद्यार्थिनी, पुणे)

शंका अगदी रास्त आहे. जुनं गाव जपायला घेणाऱ्या प्रत्येकाने कामाआधी हाच प्रश्न विचारायला हवा.

वरचा किल्ला तेराव्या शतकातला. १२४१–४२च्या मंगोल स्वारीत हंगेरी उघडी पडली, त्यानंतर राजा चौथा बेला याच्या काळात देशभर दगडी किल्ले उभे राहू लागले, त्या लाटेतला हा. सतराव्या शतकाच्या शेवटी तुर्की अंमल संपताना किल्ला ओस पडला आणि आजचं गाव त्याच्या खालच्या अंगाला वाढलं. पहिल्या पिढीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं बांधली. पुढच्या पिढ्यांनी त्याच घराच्या मागे, लांबट अरुंद परड्यात, एकामागे एक घर जोडत नेलं. धान्याची कोठारं मात्र वस्तीबाहेर, शेताच्या कडेला. १७८२ साली आगीच्या भीतीने घरबांधणीत लाकूड वापरायला बंदी आली. गावाने ती मानली नाही आणि गाव पुन्हा पुन्हा जळत राहिलं. १९०९ची आग ही त्यातली शेवटची. त्यानंतरही लोकांनी घरं जुन्याच रीतीने उभी केली: दगडी जोतं, लाकडी सांगाडा, चुन्याने सारवलेल्या भिंती आणि पुढे लाकडी खांबांची पडवी, जिला तिथे ‘तोर्नाट्स’ म्हणतात.

म्हणजे भिंतींचं वय शंभर-सव्वाशे वर्षं. घराचा आराखडा मात्र फार जुना. रस्त्याकडे तोंड करून राहायची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि प्रवेशही तिथूनच, मागे धान्याची खोली. हाच तीन खणी आराखडा उत्खननांतून मध्ययुगाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेता येतो. हंगेरीत मध्ययुगीन खेड्यांच्या उत्खननाचा पाया इश्तवान मेरी यांनी घातला. तुर्केवेजवळच्या मोरित्स या उजाड गावात १९४९पासून त्यांनी खणलं. पुढे सेंतकिराय इथे आंद्राश पालोत्सी होर्वात यांनी पंधराव्या शतकातली घरं उघड केली. या घरांत आधुनिक हंगेरियन खेड्याचं बीज स्पष्ट दिसतं. राहायच्या खोलीत धूर येऊ नये म्हणून शेगडीचं तोंड स्वयंपाकघरात ठेवायचं, ही सोयही याच काळात रुळली.

म्हणून पहिलं काम यादी करण्याचं. गावातल्या प्रत्येक गोष्टीपुढे तिचा काळ लिहायचा: किल्ला तेरावं शतक, परड्यांची मांडणी सतरा-अठरावं, चर्च १८८९, भिंती १९०९नंतरच्या, कौलंही त्याच सुमाराची, पोशाख एकोणिसाव्या शतकाचा. एवढी यादी झाली की निम्मे वाद मिटतात. सगळ्यावर ‘मध्ययुगीन’ असा एकच शिक्का मारणं मला पटत नाही. जळालेलं गाव हट्टाने पुन्हा तसंच बांधणाऱ्या माणसांचं श्रेय त्यात पुसलं जातं.

आमचं चिपळूणचं जुनं घर कुडाचं आणि मातीचं आहे. तिथे अशा भिंती कशा टिकवतात? आम्ही खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला, तर दोन वर्षांत त्याच्या वरची भिंत ओली दिसू लागली. (वाचक, चिपळूण)

तुमच्या भिंतीचं जे झालं तेच हंगेरीतल्या असंख्य मातीच्या घरांचं झालं. जमिनीतली ओल दगडी जोत्यातून वर चढते. मातीची आणि चुन्याची भिंत ती बाहेर सोडते, त्यामुळे ओल हातभर उंचीवरच वाळून जाते. सिमेंटने तो मार्ग बंद केला की पाणी गिलाव्यामागून वर चढतं आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर पडतं. सोबत क्षारही येतात. ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि मातीचा पापुद्रा सुटतो. आतली माती ओलीच राहिली तर ती वजन पेलेनाशी होते आणि भिंत खालून दबते. प्लास्टिक पेंटही हेच करतो, फक्त सावकाश. भिंतीला चिकटून ओतलेला काँक्रीटचा पट्टा तर दुहेरी नुकसान करतो, कारण मोकळ्या जमिनीतून उडून जाणारी ओल तो भिंतीकडे ढकलतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी पाणी. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून किमान मीटरभर दूर पडलं पाहिजे आणि जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, मीटरला ५ सेंटिमीटर तरी. जोत्याभोवती साचलेली माती काढून दगड उघडा करा. जोतं जमिनीवर दीड-दोन फूट दिसलं पाहिजे. होल्लोकोसारख्या उतारावरच्या गावात डोंगराकडच्या बाजूला माती वर्षानुवर्षं चढत जाते आणि जोतं गाडलं जातं. वरून कितीही सफेदी केली तरी ती बाजू ओलीच राहते.

मग सिमेंट काढणं. एका दमात सगळी भिंत सोलू नका. मीटर-दीड मीटरचा पट्टा घ्या, छिन्नी तिरकी धरून हलक्या हाताने काढा. भिंत दबलेली असेल तर आधी वरच्या तुळईला टेकू द्या. उघडी भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम वाळू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं.

मातीच्या गिलाव्यासाठी वरची काळी, कुजकट माती चालत नाही. हातभर खोलीखालची घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दिवसभराने. चिकणमाती पाचवा हिस्सा असेल तर ठीक. जास्त असेल तर गिलावा तडकतो, तेव्हा वाळू घाला. कमी असेल तर तो भुसभुशीत होऊन हाताला लागतो. दुसरी परीक्षा आणखी सोपी: ओलसर मातीचा लिंबाएवढा गोळा कंबरेच्या उंचीवरून टाका. तीन-चार तुकडे झाले तर माती बरोबर, चपटा झाला तर पाणी किंवा चिकणमाती जास्त, भुगा झाला तर वाळू जास्त. तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक कापलेला पेंढा किंवा भुसा घाला, तुडवून रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवा. हंगेरीत कच्च्या विटांसाठी हेच काम घोड्यांकडूनही करून घेत. गिलावा दोन थरांत द्या, प्रत्येक थर बोटभर. पहिला थर वाळून तडकला तरी काळजी नको, त्या भेगांत दुसरा थर धरतो. मात्र लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडायला विसरू नका. कोरडी भिंत गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटतो.

मातीवर चुन्याचा जाड गिलावा टाळा. ऊन-पावसात दोन्हींचं फुगणं-आकसणं वेगळं असतं आणि थर पत्र्यासारखा सुटून येतो. मातीवर मातीच, आणि वर चुन्याची सफेदी, हीच जोडी टिकते.

सफेदीसाठी कळीचा चुना घरी विरवता येतो. लोखंडी पिंपात आधी तीन भाग पाणी, मग एक भाग चुना थोडा थोडा. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर कधीही नाही, नाहीतर तो स्फोटासारखा उसळतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, मुलं लांब. प्लास्टिकचं पिंप वितळू शकतं. उकळी शमली की जाळीतून गाळा आणि वर बोटभर पाणी राहील असा झाकून ठेवा. सफेदीला किमान तीन आठवडे, गिलाव्याला तीन महिने. हंगेरीत पूर्वी घरोघरी यासाठी खड्डा असे आणि जुना चुना जपून वापरत. लोण्यासारख्या झालेल्या एका भागाला चार ते पाच भाग पाणी घालून साय काढलेल्या दुधाइतकं पातळ करा. भिंत ओलसर करून पहिला हात द्या. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि लोकांना वाटतं चुना कमी पडला, म्हणून ते दाट कालवतात. सफेदी सोलून येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. चुना वाळताना पांढरा होतो. चार पातळ हात, प्रत्येकात एक दिवसाचं अंतर. सफेदी हाताला लागत असेल तर ती उन्हात फार लवकर वाळली. भिंतीवर पाण्याचा फवारा मारून पुन्हा पातळ हात द्या. शेवटच्या हातात थोडं जवसाचं कच्चं तेल घातलं तर पावसाचं पाणी ओघळून जातं, पण पुढच्या वर्षीचा चुना त्यावर नीट धरत नाही. त्यामुळे फक्त पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला ते वापरा.

एक फरक लक्षात ठेवा. होल्लोकोच्या भागात वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्याकडे ३,०००हून जास्त. त्यांचा शत्रू गोठणं. ओला चुना गोठला की भुगा होतो, म्हणून तिथे ही कामं थंडीच्या बरीच आधी संपवतात आणि ५ अंशांखाली चुना लावत नाहीत. तुमचा हंगाम उलटा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, आणि पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचा झड हवाच.

तिथली मूळ छपरं गवती होती म्हणे. पुन्हा तशी करणं शक्य आहे का? (वाचक, भोर)

शक्य आहे, अडचण सामानाची आहे. गव्हासारखं राय नावाचं धान्य असतं, त्याच्या उंच काडाने पालोत्स भागात छपरं शाकारत. ही काडं विळ्याने कापून, हाताने झोडून, आख्खी राहिली पाहिजेत. कापणीयंत्रातून आलेला पेंढा चेपलेला असतो, त्यात पाणी शिरतं आणि दोन-तीन वर्षांत तो कुजतो. शिवाय आजच्या वाणांची काडं आखूड. म्हणजे छप्पर करायचं तर आधी उंच वाणाचं शेत पेरावं लागतं, आणि ते किमान एक वर्ष आधी. उतार ४५ अंश किंवा जास्त हवा, थर वीतभराहून जाड. उतार कमी ठेवला की पाणी थरात मुरतं.

होल्लोकोत आजची छपरं कौलांची आहेत आणि ती तशीच असावीत असं माझं मत. आगीनंतर लोकांनी विचार करून घेतलेला तो निर्णय होता. एखाद्या कोठारावर गवती छप्पर नमुन्यादाखल करावं, तेवढं पुरे.

चर्चच्या मनोऱ्यावर लाकडी फळ्यांची कौलं आहेत. त्यांची फळी करवतीने कापलेली नको, फोडलेली हवी. फोडताना लाकूड धाग्याच्या दिशेने सुटतं आणि धागे अखंड राहतात, म्हणून पाणी वरून ओघळून जातं. करवत धागे तोडते आणि प्रत्येक तुटलेलं टोक पाणी पितं. कार्पेथियन भागातल्या नेहमीच्या फळीची एक कड पातळ तर दुसरीला खाच असते, शेजारची फळी त्या खाचेत बसते. खाच पावसाच्या वाऱ्याकडे उघडी राहिली तर गळती ठरलेली.

जुन्या चर्चच्या चुन्याखाली भित्तिचित्रं सापडतात असं ऐकतो. ती कशी शोधतात? आमच्या गावच्या मंदिरातही जुन्या चित्रांवर सफेदीचे थर आहेत. (वाचक, वाई)

हंगेरियन खेड्यांत खरोखर मध्ययुगीन असं जे काही डोळ्यांना दिसतं, त्यातला मोठा ठेवा ही चित्रं. पश्चिम हंगेरीतल्या वेलेमेरच्या छोट्या चर्चमधली चित्रं यानोश अक्विला याने १३७८ साली काढली. ट्रान्सिल्व्हानिया, जे आज रोमानियात आहे, तिथे गेलेंत्से आणि सेकेयदेर्झ इथे संत लास्लोची कथा आहे. सेकेयदेर्झची १४१९ सालची. लास्लो हा १०७७ ते १०९५ राज्य केलेला राजा, ११९२ साली त्याला संतपद मिळालं. मुलीला पळवून नेणाऱ्या कुमान या भटक्या टोळीतल्या योद्ध्याचा पाठलाग, मग झुंज, आणि अखेर त्याचा वध, असे प्रसंग भिंतभर पट्टीसारखे येतात. पुढच्या काळात यावर चुना फासला गेला आणि त्यानेच ती वाचली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योझेफ हुस्का यांनी उघडी झालेली चित्रं जलरंगात उतरवून घेतली. त्यातली काही चर्च पुढे पडली, तिथे आता तेवढ्या नकला उरल्या आहेत.

पहिला नियम: गावकऱ्यांनी स्वतः खरवडू नये. तुम्ही करू शकता ते असं. अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा. आकृत्यांच्या कोरीव रेघा आणि उंचसखलपणा सावल्यांतून दिसतो. जिथे सफेदी आपसूक सुटली आहे तिथे रंग दिसतो का, ते शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रात नोंदवा. पडलेले पापुद्रे जागा लिहून लिफाफ्यात ठेवा. एवढी माहिती घेऊन पुरातत्त्व खात्याकडे गेलात तर प्रशिक्षित संवर्धक पुढचं काम लवकर सुरू करू शकतो. तो तळहाताएवढ्या चौकटी निवडून शस्त्रक्रियेच्या सुरीने थर थर उघडतो आणि किती थर, कोणता रंग, चित्र भिंतीला किती घट्ट धरून आहे, ते ठरवतो.

बिघाड कुठे होतो? ओल्या गिलाव्यावर काढलेला भाग टणक असतो, पण चेहऱ्यांचे बारकावे आणि निळे-हिरवे रंग बहुधा कोरड्या भिंतीवर चढवलेले असतात. ते चुन्याबरोबर निघून येतात. तारेचा ब्रश, ॲसिड आणि पाण्याचा जोर यांनी एका दुपारी सहाशे वर्षांचं नुकसान होतं. आणि छप्पर गळत असेल तर चित्र उघडूच नका. चुन्याखाली ते सुरक्षित आहे.

मध्ययुगीन जत्रेच्या जेवणात पाप्रिका घातलेलं गुलाश कसं? (वाचिका, मडगाव)

चालणार नाही. गुलाश हा मांसाचा रस्सा आणि पाप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, घेवडा, टर्की हे सगळं कोलंबसानंतरचं. हंगेरीच्या शेतकऱ्याच्या जेवणात पाप्रिका खऱ्या अर्थाने रुळली ती अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्यात. गोव्यात हे वेगळं समजावायला नको, मिरची आपल्याकडेही पोर्तुगीजांबरोबरच आली.

पाप्रिका काढली तर उरतं ते फारच चवदार आहे: कोबी, कांदा, लसूण, वाटाणा, मसूर, बीट, अक्रोड, खसखस, मध, आंबट सफरचंदाचा रस आणि श्रीमंतांकडे केशर, आलं, काळी मिरी. ही मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत तिथे पोचत असे. गरिबांचं रोजचं अन्न म्हणजे ‘कोलेश’ या वरईसारख्या बारीक भरड धान्याची लापशी. शंभर माणसांसाठी ८ किलो धान्य आणि ३० लिटर दूध-पाणी निम्मंनिम्मं. धान्य आधी गरम पाण्यात दोनदा चोळून धुवायचं, नाहीतर कडवट लागतं. मोठ्या कढईत मंद आचेवर २५ मिनिटं, ढवळत, मग १० मिनिटं झाकून. मध शेवटी, आच बंद केल्यावर. मोठी कढई तळाला लागते ती दुधाने, म्हणून पाण्यात धान्य अर्धं शिजल्यावर दूध घाला.

गुलाशला विरोध नाही. त्याला त्याच्या काळाची पाटी लावा आणि शेजारच्या चुलीवर ठेवा. तुलना समोर दिसली की पाहुणे आपणहून प्रश्न विचारतात.

पालोत्स बायकांचे रंगीत पोशाख मध्ययुगापासून चालत आले आहेत का? (वाचिका, नाशिक)

नाही. चकचकीत फिती, गिरणीचं सुती कापड आणि भडक लाल-निळे रंग एकोणिसाव्या शतकाचे. पहिला कृत्रिम ॲनिलिन रंग १८५६ साली आला, त्यामुळे तसा रंग असलेलं वस्त्र त्याआधीचं असूच शकत नाही. मध्ययुगातल्या शेतकऱ्याच्या अंगावर घरचं तागासारखं हेम्प किंवा जवसाच्या धाग्याचं कापड, लोकर आणि मेंढीचं कातडं असे. हेम्प पाण्यात साधारण आठवडाभर कुजवतात. आपल्या अंबाडीसारखंच. कमी कुजलं तर साल सुटत नाही, जास्त कुजलं तर धागा तुटतो. काडी वाकवून पाहावी. साल टोकापर्यंत लांब सुटली की बाहेर काढावं.

होल्लोकोचे पोशाख म्हणून कमी मोलाचे ठरत नाहीत. टोपीवरून मुलगी अविवाहित, लग्न झालेली की वयस्क, हे गाव ओळखत असे. ते ज्ञान आज्यांकडे आहे, त्यांच्याकडून टोपी बांधायची कृती चित्रित करून घेणं नवे शंभर पोशाख शिवण्याहून तातडीचं.

२०२५ साली मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आमचं गाव त्यातल्याच एका किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. घर जपायचा खर्च कुणी करायचा? होल्लोकोत लोकांना काय मिळालं? (वाचक, रायगड जिल्हा)

होल्लोकोचा अनुभव दोन्ही बाजूंनी बघा. घरं वाचली, रस्ता वाचला, किल्ल्याची डागडुजी झाली. पण जुन्या भागातली बरीच घरं संग्रहालयं, अतिथिगृहं, दुकानं झाली आणि कायम राहणारी कुटुंबं थोडीच उरली. बाकीचं गाव शेजारच्या नव्या वस्तीत राहतं. कारणं रोजची आहेत: लहान खोल्या, न्हाणीघर कुठे काढायचं, गाडी कुठे लावायची. याची उत्तरं नियम करण्याआधी द्यावी लागतात. न्हाणीघर मागच्या परड्यात, रस्त्यावरून न दिसेल असं बांधायची मुभा दिली तर निम्म्या तक्रारी कमी होतात.

दुसरं उदाहरण ट्रान्सिल्व्हानियातल्या तोरोत्स्को या हंगेरियन भाषक गावाचं. तिथे १९९०च्या दशकात बुडापेस्टच्या पाचव्या प्रभागाने पैसे दिले आणि एका संवर्धन संस्थेने काम पाहिलं. अट साधी: घराचं दर्शनी अंग जुन्या रीतीने ठेवा, दरवर्षी ठरलेली रक्कम घ्या. १९९९ साली या कामाला युरोपा नोस्त्रा हा वारसा जपण्यासाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला. मला या योजनेतलं ‘दरवर्षी’ सगळ्यात मोलाचं वाटतं. एकदाच मोठी रक्कम दिली की कंत्राटदार येतो, चकचकीत काम करतो आणि जातो. छोटी रक्कम दरवर्षी आली की मालक स्वतः चुना विरवायला, कौल बदलायला शिकतो. तुमच्या ग्रामसभेत मागायचंच तर हे मागा: वार्षिक सफेदी आणि कौल-फेरणीचा निधी, गावातल्या दोन-तीन गवंड्यांना चुन्याचं प्रशिक्षण, आणि गावाचा सामायिक चुन्याचा हौद.

आमची मुलगी बुडापेस्टमध्ये शिकते. ईस्टर आणि नाताळच्या तिथल्या जुन्या चाली घरी करून बघता येतील अशा सांगाल का? (वाचिका, ठाणे)

ईस्टरच्या सोमवारी होल्लोकोत मुलगे विहिरीचं बादलीभर पाणी मुलींवर ओततात आणि बदल्यात मुली रंगवलेली अंडी देतात. लाल अंड्यांसाठी दहा-बारा कांद्यांची वाळलेली सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, दोन चमचे व्हिनेगर घाला आणि अंडी त्यातच १० मिनिटं उकडा. मेणाची नक्षी करायची असेल तर मात्र रंग पूर्ण थंड हवा, गरम रंगात मेण वितळून नक्षी पुसते. अंडं आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, बोटांचं तेल लागलं तर तिथे डाग राहतो. रंगल्यावर मेणबत्तीच्या बाजूला, वर नाही, धरून मेण मऊ करा आणि कापडाने टिपा. वर धरलं तर काजळी बसते.

दुसरी चाल मुलीच्या खोलीतही करता येईल. १३ डिसेंबर हा संत लुत्साचा दिवस. जुन्या पंचांगात तो वर्षातला सर्वांत लहान दिवस मानला जाई. हंगेरीने १५८७ साली नवं पंचांग घेतलं, त्यामुळे ही समजूत त्याआधीची, बहुधा मध्ययुगीन, असणार. त्या दिवशी बशीत गहू पेरतात. आपल्या घटस्थापनेसारखं, फक्त बहुधा मातीशिवाय. मूठभर गहू रात्रभर भिजवा, पसरट बशीत एका थरात घट्ट मांडा आणि रोज सकाळी फक्त दाणे ओले होतील एवढंच पाणी शिंपडा. तळाशी पाणी साचलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी येते. मोड येईपर्यंत झाका, मग लगेच खिडकीत ठेवा. अंधारात राहिला तर गहू पिवळा आणि लोळका होतो. खोली तापलेली असेल तर दिवसातून दोनदा शिंपडा. २४ तारखेपर्यंत तो वीतभर हिरवा झाला की भोवती लाल फीत बांधून मधोमध मेणबत्ती लावतात. गहू दाट आला तर येतं वर्ष पिकाचं, अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत होती.